तिसरी रिंग

आई जाऊन तीन महिने झाले होते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी बाबांनी आपला मोबाइल आसावरीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, की त्या कोपऱ्यातलं पाकीट काही केल्या जात नाही. तेवढं घालव, आणि मग हा फोन बंदच करून टाक. कोणाला करायचेत फोन?

आसावरी तेव्हा जेवणाच्या टेबलावर आईची फाइल उघडून बसली होती. ब्रिस्टलहून ती एक शनिवार सोडून लंडनला, हॅरोच्या या घरी येत होती, आणि आली की या फाइलमधलं एखादं प्रकरण हातावेगळं करत होती. गॅस, वीज, पाणी, कौन्सिल टॅक्स, टीव्हीचं लायसन्स, प्रत्येकाचा वेगळा कप्पा. प्रत्येक कप्प्यात आईच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: कुणाला फोन करायचा, किती वेळ वाट बघायला लावतात, कुठलं बटण दाबलं की माणूस बोलतो. बाबांनी, डॉक्टर पद्माकर देवस्थळींनी, या देशातल्या हॉस्पिटलांमध्ये हजारो माणसांना भूल दिली होती, पण घरातल्या एकाही बिलावर त्यांची सही नव्हती. ते खातं आईचं, सुप्रभाबाईंचं. आता प्रत्येक ठिकाणी ‘मिसेस देवस्थळी’ या नावाच्या जागी दुसरं नाव घालायचं होतं, आणि त्यासाठी दर वेळी फोनवरच्या अनोळखी मुलीला कारण सांगावं लागत होतं. त्या मुली फार चांगल्या वागत. सॉरी टु हिअर दॅट, म्हणत आणि मग मीटरचं रीडिंग विचारत.

घर थंड होतं. हीटिंगचा टायमर आईनं ऑक्टोबरमध्ये लावून ठेवला होता, सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन. ऑक्टोबरला ते ठीक होतं. फेब्रुवारीत बाबा स्वेटरवर शाल घेऊन बसत, पण टायमर हलवत नव्हते. जमत नाही म्हणून नव्हे, हे आसावरीच्या लक्षात आलं होतं. म्हणून तिनंही त्याला हात लावला नव्हता. तीही कोट घालूनच बसली होती.

“पाकीट म्हणजे न वाचलेला मेसेज, बाबा.”

“मला कोण मेसेज करणार?”

“बघू तर. चार्ज नाहीये याला.”

हा मोबाइल तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मिहीरनं बाबांना दोन वर्षांपूर्वी दिला होता. बाबा तो टॉर्चसारखा वापरत. लागला की लावायचा, काम झालं की विझवायचा. तिनं चार्जर शोधून तो भिंतीला लावला. आत जीव यायला जरा वेळ लागणार होता. बाबा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

देवस्थळींच्या घरात फोन बोलण्यासाठी नव्हताच मुळी. ही रीत वेल्सपासूनची. आसावरी चार वर्षांची असताना ते इथं आले, आणि बाबांची पहिली नोकरी वेल्समधल्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात होती. ड्यूटी संपवून निघाले की बाबा तिथून घरी फोन लावत आणि दोनदा वाजला की ठेवून देत. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक, निघालो. आई उठून कुकर चढवी. काही बोलायचं असेल, उशीर होणार असेल, तर बाबा फोन वाजू देत, आणि तिसऱ्या रिंगला आई उचले. तेव्हाच पैसे पडत. दोन रिंगा फुकट. आईला या शोधाचा भारी अभिमान होता, जणू टेलिफोन तिनंच लावला होता.

पुढं आसावरी लीड्सला शिकायला गेली, तेव्हा होस्टेलच्या पॅसेजमधल्या फोनवरून तिनं दोन रिंगा द्यायच्या, पोचल्याच्या. लग्न झालं, ब्रिस्टलला घर केलं, तरी तेच. मिहीर पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. त्याला पहिल्या वर्षी ही भानगड कळली तेव्हा तो पोट धरून हसला होता. “तुझ्या आईनं या देशाच्या टेलिफोन कंपनीला जन्मात एक पेनी मिळू दिली नाही,” तो म्हणाला होता. आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुचेताकाकू आईला तोंडावर म्हणत, अगं सुप्रभा, एखादा शब्द तरी बोलत जा फोनवर, नाहीतर तोंडाला जाळी धरतील.

मग दिवस बदलले. आसावरीनं स्वतः आईच्या फोनचं पॅकेज बदलून घेतलं आणि तिला समोर बसवून समजावलं, की आता घरच्या फोनवरून घरच्या फोनला कितीही बोल, रात्री बोल, दिवसा बोल, एक पै जास्त पडणार नाही. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फुकट म्हणजे कुठेतरी लावलेलेच असतात.” ब्रॉडबँड आलं, कॅमेरा आला. त्या कॅमेऱ्यावर आई काम नसताना रुमाल टाकून ठेवी. फक्त एका बाबतीत आईचं म्हणणं खरं होतं. घरच्या फोनवरून मोबाइलला केला तर त्याचे पैसे वेगळे पडत, आणि दिवसा बरेच पडत. पॅसेजमध्ये फोनच्या वर तिनं कागद चिकटवला होता: ‘मोबाइलला फोन करायचा नाही.’ आसावरीला तिच्या मोबाइलवर, बाबांना त्यांच्या मोबाइलवर आईचा फोन आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. एकदा तर मिहीरची गाडी मोटरवेवर बंद पडली होती आणि आई चार तास घरच्या फोनपाशी बसून राहिली होती, पण मोबाइलला केला नव्हता. ‘तुम्ही कराल म्हणून,’ असं तिनं नंतर सांगितलं.

दोन रिंगांची गरज उरली नाही तरी दोन रिंगा राहिल्या. आसावरी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करी. त्या दिवशी दुपारी केव्हातरी फोन दोनदा वाजे आणि थांबे. निरोप असा काही नसे त्यात. मी आहे, तू आहेस, चाललंय, इतकंच. आसावरीचा हात आपोआप फोनकडे जाई आणि वर तरंगत राही, तिसरी वाजते का बघत. वाजली नाही की ती पुन्हा कामाला लागे. संध्याकाळी जेवण झाल्यावर मग खरा फोन, तासभराचा, आणि तो करायचा आसावरीनं. म्हणजे लावलेले पैसे तिच्याकडून.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. त्या दिवशी आसावरी घरी होती, कारण नवीन वॉशिंग मशीन यायचं होतं. माणूस आला, त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं मशीन आत नेऊन ठेवलं, आणि तो दारात सहीसाठी पावती धरून उभा होता तेव्हा फोन वाजला. घे घे, मी थांबतो, तो म्हणाला. आसावरी थांबली. दुसरी वाजली. मग काही नाही.

“गेला,” तो माणूस म्हणाला.

“नाही,” आसावरी हसून म्हणाली. “माझी आई आहे. याचा अर्थ ती ठीक आहे.”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, वेल्स, कुकर, तिसरी रिंग. अनोळखी माणसाला इतकं सांगायची तिची सवय नव्हती, पण त्या दिवशी ती खुशीत होती. तो खूप हसला. म्हणाला, माझ्या आईला शिकवा हे, ती एक तास सोडत नाही. आणि त्यानं पावतीवर तारखेपुढं वेळ घातली, चौदा वाजून दहा मिनिटं, आणि तिनं खाली सही केली.

साडेपाचला बाबांचा फोन आला. ते डोळे दाखवायला हॉस्पिटलात गेले होते. परत आले तेव्हा आई पॅसेजमध्ये पडलेली होती. हृदय बंद पडलं. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान केव्हातरी, असं तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं.

ती पावती आसावरीनं ठेवून दिली होती. कुठं, ते मिहीरलाही माहीत नव्हतं. फोन वाजला होता हेच त्याला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. तीन महिने ती एकाच गोष्टीपाशी येऊन थांबत होती. दुसऱ्या रिंगनंतर फोन आईनं ठेवला, की तिच्या हातून सुटला? ठेवला असेल तर तो रोजचाच फोन होता, आणि मग पुढचं जे झालं ते झालं. सुटला असेल तर. तिथून पुढं तिला जाता येत नव्हतं. डिसेंबरमध्ये आईच्या फोनचं बिल आलं तेव्हा तिनं ते बाबांच्या आधी फोडून बघितलं होतं. चौदा तारखेला एकही ओळ नव्हती. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, म्हणून ते बिलात येत नाहीत. आईनंच तर शिकवलं होतं. तेव्हा उरला होता फक्त आईचा शब्द. दोन म्हणजे ठीक. जिन्याच्या कठड्याला धरावं तसं आसावरीनं ते धरून ठेवलं होतं.

मोबाइलला जीव आला. तिनं पाकिटावर बोट दाबलं.

मेसेज कंपनीकडूनच होता. तुमचा फोन बंद असताना एक मिस्ड कॉल आला. खाली नंबर, वयाच्या बाराव्या वर्षापासून तिला पाठ असलेला, याच घराचा. खाली तारीख, चौदा नोव्हेंबर. वेळ, चौदा वाजून आठ मिनिटं.

तिनं तो पुन्हा वाचला. शब्द थोडेच होते.

आईनं मोबाइलला फोन केला होता. भर दुपारी. ज्या फोनच्या वर तिच्याच हातचा कागद होता, त्या फोनवरून. दुखायला लागलं तेव्हा तिनं पहिल्यांदा नवऱ्याला विचारायचं ठरवलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचं तिच्या मनातही आलं नसणार. घरात डॉक्टर असताना ती लोकांना कशाला त्रास देईल? नवऱ्याचा फोन बंद. मग दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत ती काय करत होती हे आसावरीला कधीच कळणार नव्हतं. आणि मग तिनं मुलीला लावला. तो दोनदा वाजला. तिसरीच्या आत हात गळला, किंवा चौतीस वर्षांच्या सवयीनं अंगठ्यानं आपणहून दोनला तोडला. यातलं कुठलं जास्त वाईट, हे आसावरीला ठरवता येईना. ब्रिस्टलमध्ये ती दारात उभी राहून एका माणसाला सांगत होती, की माझी आई ठीक आहे.

“निघालं का पाकीट?” स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं.

“बघतेय,” ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

बाबा दोन कप घेऊन आले. चहा करायला ते या तीन महिन्यांत शिकले होते, दूध मापून घालत. समोर बसले, शाल सारखी केली. तिनं मोबाइल तळहातात पालथा धरला. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगत, एकदम गेली, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. भूलतज्ज्ञ माणूस, तेव्हा लोक माना डोलावत. त्या वाक्यावर बाबांचे तीन महिने निघाले होते. हा मेसेज त्यांना दाखवायचा नाही, हे तिनं ठरवलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच होतं. पण एक गोष्ट आत दाबून धरताना दुसरी सुटली.

“बाबा, त्या दिवशी माझ्याकडे फोन वाजला होता. आईचा. मी घरीच होते. उचलला नाही.”

बाबांनी कप खाली ठेवला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

बाबा मग सावकाश सांगत गेले. आत आले तेव्हा कॉर्डलेस आईच्या हाताखाली होता. अ‍ॅम्ब्युलन्सला लावायला त्यांनी तोच उचलला, आणि घाईत हिरवं बटण आधी दाबलं गेलं. लावलेल्या नंबरांची यादी उघडली, वरती नाव आलं, आसावरी. त्यांनी ते तोडलं आणि नऊ नऊ नऊ लावला. त्या नावाखाली आणखी काही होतं का, हे बघायला ते थांबले नव्हते. त्यानंतर पुण्याला, नागपूरला, कुठं कुठं फोन झाले, ती यादी केव्हाच पुढं सरकून गेली. त्यांनी ठरवलं होतं, की हिला विचारायचं नाही. ही त्या वेळी बाहेर असेल, तिला ठाऊकही नसेल. मग कशाला सांगा?

“तू घरी असशील असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटू दिलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “किती वाजल्या?”

“दोन.”

“नक्की? अर्धवट तिसरी वगैरे?”

“दोन, बाबा. मी मोजल्या.”

“मग ऐक आता.” बाबा जरा सरळ बसले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटच्या खाटेपाशी बसून ते बोलत तो हा आवाज असावा. तिनं तो कधी ऐकला नव्हता. “दोन दिल्या म्हणजे तेव्हा ती ठीक होती. रोजच्यासारख्या दिल्या, आणि फोन जागेवर ठेवायला निघाली. तेवढ्यात झालं. फोन हातात होता तो त्यामुळे. तिला काही होत असतं तर तिनं वाजू दिला असता. तू तिसरीला उचलतेस, हे तिला माहीत नव्हतं का?”

“होतं.”

“आणि मुख्य म्हणजे, तुला केलाच नसता. मला केला असता. चाळीस वर्षं साधं डोकं दुखलं तरी ती आधी मला विचारायची. कुठं असेन तिथं. नियम मोडून केला असता तिनं त्या मोबाइलला. तिनं मला केला नाही, आसा. म्हणजे तिला काही होत नव्हतं. मी खूप विचार केलाय याचा. दुसरं काही असूच शकत नाही.”

मोबाइल तिच्या तळहाताखाली कोमट झाला होता.

बाबांनी हे सगळं तिच्यासाठी जुळवून ठेवलं होतं, हे तिला दिसत होतं. लेक कधीतरी बोलेल, तेव्हा तिच्या हातात द्यायला. आणि तीन महिने सांभाळता सांभाळता ते स्वतःच त्यात राहायला गेले होते. जे तिला द्यायला निघाले होते, ते तिला घेता येणार नव्हतं. पण त्यांचं काढून घेणंही तिच्याच हातात होतं, एक हात उलटा करायचा फक्त.

“हो बाबा,” ती म्हणाली. “तसंच असणार.”

“तसंच आहे.” त्यांनी टेबलावरून हात पुढं करून तिच्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा, आणि तसाच राहू दिला. नंतर चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला. चहावर साय धरली होती.

“काय होतं त्या पाकिटात?”

“काही नाही. कंपनीचंच काहीतरी.” तिनं मोबाइल उलटा केला आणि मेसेज काढून टाकायचं बटण दाबलं. फोननं विचारलं, नक्की काढायचा का? तिनं हो म्हटलं. आईनं कुणालातरी हाक मारली होती याचा जगात असलेला तेवढाच पुरावा होता, आणि तो जायला एक क्षणही लागला नाही. कोपरा मोकळा झाला.

“बंद करायला कंपनीला आत्ताच फोन करू का?” असं तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं. पण तेवढ्यात बाबाच म्हणाले, की राहू दे, बंद नको करूस. तू दर खेपेला संध्याकाळच्या ट्रेननं जातेस, पॅडिंग्टनला गाड्या रखडतात. तुझा मेसेज आला तर मला वाचता यायला हवा. शिकव मला.

ती त्यांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली. इथं दाबायचं, मग इथं, मग हे उघडतं. बाबांनी चष्मा चढवला आणि कागद काढून पायऱ्या लिहून घेतल्या. हुशार विद्यार्थ्यासारखी प्रत्येक पायरी दोनदा करून बघितली.

“हे रिकामं आहे.”

“हो. अजून काही आलेलं नाही ना.”

बाबांनी मान हलवली. मग पेन तसंच हातात ठेवून विचारलं, “आणि समजा फोन बंद असताना कुणी केला. तर ते मागाहून कळतं का याच्यावर?”

प्रश्न साधा होता. माहिती करून घ्यायची म्हणून विचारलेला. ते तिच्याकडे बघतही नव्हते, कागदावर पुढची ओळ लिहायच्या तयारीत होते.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “नाही कळत.”

बाबांनी ते लिहून घेतलं.

आता हा फोन कधीच बंद राहता कामा नये, तिच्या मनात आलं. एकदा जरी राहिला आणि कुणी केला, तरी कोपऱ्यात पाकीट येईल, आणि बाबा ते या कागदावरच्या पायऱ्यांनी उघडतील, आणि चौदा नोव्हेंबरपासून कुठलं पाकीट तिथं होतं ते त्यांना समजेल. ती त्यांना म्हणाली, की हा चालूच ठेवत जा, हॉस्पिटलात गेलात तरी. नुसता आवाज बंद करायचा. तेही दाखवते.

“नियम आहे तिथं. मोबाइल बंद ठेवायचा बोर्ड आहे.”

“असू दे बोर्ड.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी असा कुठला बोर्ड डावलला नव्हता. मग त्यांनी कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली, ‘कधीही बंद करायचा नाही,’ आणि त्याखाली रेघ ओढली.